तिच्या टाचेसाठी बूट

त्या संध्याकाळी मी बायकोची टाच घासत होतो. ती न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, उजवा पाय माझ्या मांडीवर, आणि माझ्या हातात वजरी. तिला वाकता येत नव्हतं म्हणून हे काम माझ्याकडे आलं होतं.

"हळू घासा. घोड्याला नाल न्हाय मारायचा."

"घोडा बरा. एवढी बडबड तरी करत न्हाय."

भेगांतला मळ निघाला. मग मी टाचेच्या खाली, आतल्या अंगाला, जिथून तळव्याचा खळगा सुरू होतो तिथं अंगठा दाबला. नक्की कुठं दुखतं ते मला बघायचं होतं. तिनं दुसऱ्या पायानं माझ्या खांद्यावर लाथ घातली आणि हसली. "मना मारायचं हाय का?" मी खोबरेल चोळलं, मोजे चढवले. मांदेलीचं कालवण होतं, ते जेवलो. एवढंच झालं त्या दिवशी.

सकाळी ती उठली, पलंगावरून पाय खाली टाकला आणि "आई गं" म्हणाली. हे रोजचं होतं. उठल्यावर पहिलं पाऊल तिला काचेवर ठेवल्यासारखं लागायचं, चार पावलं गेली की कमी व्हायचं. दीड वर्ष मी ते "आई गं" ऐकून कूस बदलत होतो. त्या दिवशी पुढची पावलं ऐकू आली नाहीत. बघतो तर ती पलंगाला टेकून खाली बसलेली. डॉक्टर म्हणाला, हार्ट. तिला कळलंसुद्धा नसेल, म्हणाला. डॉक्टर माणसाला बरं वाटावं म्हणून असं बोलतात, ते ठीक आहे. पण ती शेवटचं बोलली ते छातीसाठी की टाचेसाठी, हे मला कोणी सांगू शकलं नाही. तेव्हापासून टाच माझ्या डोक्यात बसली.

सुतकात माणसं भेटायला येत होती. दाराबाहेर चपला काढायची, आत भिंतीला टेकून बसायची, उसासे टाकायची आणि मग खारी गावात जागेचा भाव काय चाललाय ते बोलायची. मला बोलायचं नव्हतं. मी दाराशी बसायचो. दाराशी बसलं की समोर चपलाच दिसतात. एक उलटी पडली होती, ती सरळ करायला उचलली आणि तिचा तळ बघितला. टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. दुसरी उचलली, ती पण तिथंच झिजलेली. तिसरी, चौथी. कोणी जाडं, कोणी सडपातळ, कोणी सरकारी नोकरीतला, कोणी रिक्षावाला, पण टाच झिजायची जागा तीच. मला नवल वाटलं. माणूस सरळ उभा राहतो, मग पाऊल तिरकं का पडतं?

तेवढ्यात नवघरहून आलेला माझा साडू बाहेर आला. त्याची चप्पल माझ्या हातात.

"दादा, चप्पल शोधताय का तुमची?"

"न्हाय. तुझी टाच बघतोय."

तो आत गेला आणि काय बोलला माहीत नाही. सुनेनं मला लगेच चहा आणून दिला, साखर जास्त घातलेला.

ते सगळे गेल्यावर मी पॅसेजमध्ये सावकाश चालून बघितलं. खरंच, टाचेची बाहेरची कड आधी टेकते, मग पाय आतल्या बाजूला लवंडतो, मग बोटं जमीन ढकलतात. सत्तर वर्षं चाललो, कधी लक्ष दिलं नव्हतं. मग मी तिच्या चपला काढल्या. डावीची टाच झिजून कागदासारखी झालेली. उजवीची जवळजवळ कोरी. म्हणजे उजव्या टाचेवर ती वजन टाकतच नव्हती. तीन घरच्या पोळ्या करायची बाई, ओट्याशी उभी राहून, एका पायावर.

तोपर्यंत मुलानं तेराव्याच्या सामानात चप्पल आणली होती. आमच्यात बाई सवाष्ण गेली तर तेराव्याला एका सवाष्णीला साडी, बांगड्या, छत्री आणि चप्पल देतात. तिनं ती चप्पल घालून चार पावलं चालायची, म्हणजे गेलेलीला पोचते. पुढच्या वाटेला पाय भाजू नयेत म्हणून. मुलानं आणलेली चप्पल काळी, रेक्झिनची, तळ पापडासारखा. मी अंगठ्यानं दाबला तर माझाच अंगठा मला खालून लागला.

भटजी आले होते, त्यांना विचारलं, "ती वाट कशी असते?"

"तापलेली वाळू, काका. काटे. पुढं नदी."

"लांब किती?"

"वर्षभराची वाट म्हणतात."

"मग ही चप्पल वर्षभर टिकेल?"

"बाबा!" मुलगा म्हणाला.

भटजी चांगला माणूस. चिडला नाही. "काका, श्रद्धा महत्त्वाची."

"श्रद्धा आहे हो. तळ पातळ आहे."

ती वाट आहे की नाही, मला माहीत नाही. मी मिठागरावर राबलेला माणूस. पाणी आटलं की मीठ उरतं एवढं डोळ्यांनी बघितलंय, त्यापुढचं नाही. पण असली तर? वर्षभर चालायचं, आणि ते त्या टाचेवर? हे मला झोपू देईना. मुलाला म्हटलं, ही चप्पल राहू दे, तिच्यासाठी काय घ्यायचं ते मी बघतो. तो म्हणाला, "लोक हसतील बाबा." मी म्हटलं, "लोक तर जागेचे भाव बोलतायत."

सुतकात बाहेर फिरू नये म्हणतात. मी नवघरला गेलो. तिथं एक डॉक्टरीणबाई आहे, सांधे आणि पाय यांचे व्यायाम शिकवते. हिला तिच्याकडेच नेत होतो. हिला तिनं गोठवलेली पाण्याची बाटली पायाखाली फिरवायला सांगितली होती, आणि पळायचे बूट घ्या असंही सांगितलं होतं. त्यावर ही म्हणाली होती, "साडीवर बूट? मग शिट्टी पण द्या हातात, दोघं मिळून वॉचमनकी करू." मी तेव्हा वॉचमन होतो.

डॉक्टरीणबाईला बातमी कळली नव्हती. मी सांगितलं. तिनं खुर्ची पुढं केली. मग मी म्हटलं, "मला टाच समजावून सांगा."

तिच्या टेबलावर प्लास्टिकच्या हाडांचा पाय होता. तिनं तो माझ्या हातात दिला. टाचेचं हाड पायातलं सगळ्यांत मोठं, अंड्याएवढं. त्याच्या खाली चरबीची गादी असते, ती म्हणाली, पण नुसती चरबी नाही, बारीक बारीक कप्प्यांत भरलेली. कप्पे असतात म्हणून दाबली तरी बाजूला पळत नाही, पाय उचलला की परत वर येते. वय झालं की गादी बसते, गोधडी वापरून बसते तशी. आणि हाडापासून बोटांपर्यंत तळव्यातून एक पट्टा जातो. झोपेत पाय सैल पडतो तेव्हा तो आखडतो. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की एकदम ताणला जातो.

"म्हणजे सकाळचं आई गं त्या पट्ट्याचं?"

"बहुतेक."

"बहुतेक नको."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी का विचारतोय ते तिला कळलं असावं. मी परत विचारलं नाही.

मग मी बुटाचं काढलं. ज्या बाईला पळायचं नाही तिला पळायचे बूट का? ती म्हणाली, पळताना दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतात, आणि जो पाय खाली येतो त्याच्यावर अंगाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दणका बसतो. म्हणून त्या बुटांत टाचेचा विचार जास्त केलेला असतो, चालणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो. "पण आजोबा, एक गंमत आहे. लहानपणापासून अनवाणी पळणारी बरीच माणसं टाच आधी टेकवतच नाहीत. पुढचा पाय टेकतात, टाच मागून हळूच येते. बुटात जाड गादी दिली की तीच माणसं टाचेवर पडायला लागतात, कारण दुखत नाही."

"गादी दिली म्हणून टाच आपटायची?"

"बऱ्याच जणांचं तसं होतं."

मला हे फार आवडलं. मिठागरावर आम्ही वाफ्याचा तळ पायानं तुडवायचो. ओल्या मातीत रांगेनं उभं राहायचं, टाच मारायची, अर्धं पाऊल सरकायचं, परत टाच मारायची. तळ कडक झाला नाही तर मीठ काळं येतं. ती माझ्या पुढच्या रांगेत असायची. तिथं टाच आपटणं हेच काम, आणि ती आपटायची अशी की माती बसली पाहिजे, हाड हललं नाही पाहिजे. पण बंधाऱ्यावरून पळताना आम्ही कसे पळायचो? आठवून बघितलं. चवड्यावर. कोणी शिकवलं नव्हतं.

"आता सांगा," मी म्हटलं, "तापलेल्या वाळूवर कुठला बूट चांगला?"

"कुठे निघालात?"

"मी न्हाय. ती."

मी तिला तेराव्याचं सांगितलं. वाटलं हसेल. ती हसली नाही. प्लास्टिकचा पाय हातात घेऊन तिनं खरंच विचार केला. "वाळूत टाच खोल जाते, पोटरीला ओढ बसते. फार मऊ गादी नको, पाय लवंडेल. तळ रुंद हवा. काटे आहेत का?"

"आहेत म्हणतात."

"मग खालचा रबर टणक हवा आणि मऊपणा आत. मागची टाचेची वाटी कडक हवी, टाच तिच्यात धरून राहिली पाहिजे. आणि ओलं झालं तर लवकर वाळणारा घ्या."

"नदी पण आहे," मी म्हटलं.

"तेच लक्षात होतं," ती म्हणाली.

फी घेतली नाही तिनं. मला ते आवडलं नाही, पण वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हतो.

बुटाचं दुकान भाईंदर पूर्वेला, स्टेशनच्या बाजूला. दुकानदार ढेरपोट्या माणूस, तोंडात बडीशेप.

"किसके लिए, चाचा?"

"बायको के लिए."

"नंबर?"

नंबर मला माहीत नव्हता. तिनं कधी बूट घातलेच नव्हते, चप्पल पायाला लावून घ्यायची. मी वीत ठेवली काउंटरवर आणि वर एक बोट. "इतना." तिचा पाय मांडीवर घेऊन किती वर्षं घासला, ते माप चुकत नाही. त्यानं माझी वीत पट्टीनं मोजली आणि म्हणाला, "पाँच नंबर. पर उनको लेके आओ ना चाचा, नाप के लेना अच्छा."

"वो नहीं आ सकती."

"पैर में तकलीफ?"

"पैर में थी. अब नहीं है."

त्यानं बडीशेप चघळायची थांबवली. मग एकाला हाक मारून स्टूल मागवलं आणि मला बसवलं. त्यानंतर त्यानं जेवढे बूट काढले त्यातला एकही विकायच्या घाईनं काढला नाही. मी सगळे तपासले. मागची वाटी दाबून बघितली, काही लगेच चेपायचे. मधून वाकवून बघितले. तो म्हणाला, बूट वाकला पाहिजे बोटांच्या सांध्यापाशी, मध्यात वाकला तर फेकून द्या. पिळून बघा, कपड्यासारखा पिळला गेला तर तो नाही. बरोबर होतं त्याचं.

शेवटी दोन राहिले. आत पाय घातल्याशिवाय कळणार कसं? तिच्या मापाचा मला येणार नाही. म्हटलं, हाच माझ्या नंबरात द्या. जन्मात पहिल्यांदा पळायचे बूट घातले, आणि वाटलं उतारावर उभा आहे. मागून उंच, पुढं खाली.

"ये ऐसा क्यों?"

"एडी ऊपर रखते हैं, चाचा. पीछे की नस को आराम मिलता है."

मी दुकानात चार येरझाऱ्या घातल्या. टाच कशावर पडते तेच कळेना. जमीन कुठं गेली असं वाटलं. मजा पण वाटली आणि थोडी भीती पण. मग दुसरा घातला, तो एवढा उंच नव्हता, जमीन थोडी लागायची. तोच घेतला, तिच्या मापाचा, राखाडी रंगाचा. गुलाबी पट्टी होती बाजूला. ती गुलाबी बघून काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी खोका उघडला तेव्हा सून बघत राहिली. मुलानं कपाळाला हात लावला. पण मला झोप लागली त्या दिवशी.

तेराव्याला सवाष्ण म्हणून तिची मैत्रीण आली. मिठागरावर दोघी एका रांगेत होत्या, मग ती लग्न करून समुद्राकाठच्या डोंगरी गावाला गेली, आता खारीच्या बाजारात मासळी विकते. नवरा धडधाकट आहे. बाई अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. भटजींनी मंत्र म्हटले, साडी दिली, बांगड्या भरल्या, छत्री दिली. मग मी खोका पुढं केला.

"ये काय, दाजी? मॅराथॉनला जायचं हाय का मना?"

"घाल बाय. घालून चार पावलं चाल."

तिनं पाय घातला. पाय जाईना. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चाललेला पाय, पंजा पंख्यासारखा पसरलेला, आणि लांबीला पण मोठा. मी हे धरलंच नव्हतं. ज्या बाईच्या पायात जायचे ती माझ्या डोक्यातच आली नव्हती. मी माप घेतलं जी गेली तिचं. साडू मागून खिक् करून हसला. भटजी घड्याळाकडे बघायला लागले.

बाईनं जोर केला, अर्धा पाय आत कोंबला आणि मागची वाटी टाचेखाली चेपून उभी राहिली, सपाता घातल्यासारखी.

"टाच मोडू नको!" मी ओरडलो. "तिला त्या वाटीचाच तर आधार हाय!"

बाईनं माझ्याकडे बघितलं, मग पायाकडे.

"कुणाला आधार, दाजी?"

मी सांगितलं तिला. वाळू, काटे, वर्षभराची वाट, उजवी टाच. सगळ्या लोकांसमोर सांगितलं. ती ऐकत राहिली. मग खाली बसली आणि बूट काढले.

"ती डोंगरीला यायची माझ्याकडं, तवा काय करायची म्हायती हाय का तुमाला? बसमधून उतरली की चपला पिशवीत. आख्खा दिस वाळूत नि मातीत फिरायची, बोंबील वाळत घालायला लागायची माझ्याबरोबर. कधी टाच दुखली म्हटली न्हाय. परत निघताना बोलायची, चला, आता लादीवर जायचं, आता दुखंल." तिनं भटजींकडे मान वळवली. "भटजी, तुमच्या त्या वाटेला लादी हाय का?"

भटजींनी विचार केला. खरंच केला, मी बघत होतो. "नाही बाई," ते म्हणाले, "वाळू आहे, काटे आहेत. लादी कुठं सांगितलेली नाही."

"मग झालं."

काटे म्हणजे काय मोठं, ती म्हणाली, खारफुटीच्या चिखलात शिंपल्यांवरून चाललेल्या बायका आम्ही. ती उठली, बूट हातात धरले आणि अनवाणी चार पावलं टाकली, दारातून पार खालच्या मातीपर्यंत. मी तिचे पाय बघत होतो. पाऊल सपाट पडत होतं, टाच आणि चवडा जवळजवळ एकदम. भटजींनी पाणी सोडलं. चालेल म्हणाले.

बूट तिनं मुलीसाठी नेले. तिच्या मुलीचा पाय लहान आहे म्हणे. मी पानावर बसलो आणि सुतक लागल्यापासून पहिल्यांदा भातावर परत भात मागितला. साडू माझ्याकडे बघत होता. बघू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर रिकामं होतं. मुलगा कामाला गेलेला. सून ओट्याशी पोळ्या लाटत होती. पाहुण्यांचं सगळं तिनंच उरकलं होतं इतके दिवस, एकटीनं. मी चहा घेऊन दारात उभा होतो आणि तिचे पाय दिसले. डाव्यावर वजन, मग उजव्यावर, मग परत डाव्यावर. पोळी उलटताना उजव्या पायाचा पंजा तिनं डाव्या पोटरीवर घासला.

मी माळ्यावरून तांदळाचं रिकामं गोणपाट काढलं, गॅलरीत झटकलं, दुहेरी-चौहेरी घडी घातली आणि तिच्या पायाशी ठेवलं.

"हे काय, बाबा?"

"उभी राहा त्याच्यावर."

ती उभी राहिली. गोणपाट लादीवर सरकलं, ती ओट्याला धरून हसली. "पडेन ना मी!"

मी ते काढून घेतलं. मोरीत नेऊन खालची घडी ओली केली, चांगली पिळली, आणि परत घातलं. आधी मी स्वतः उभा राहिलो, दोन्ही टाचा दाबून, मग एकच. सरकलं नाही.

"ये आता," मी म्हटलं. "पोळी करपतेय."